पागेतील माकड : गंगथडीच्या प्रदेशातील बंदिस्त वानर व खुरी प्राणी यांच्या सहवासाचा मागोवा

बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्याच्या पश्चिम अंगास चकलांबा हे गाव आहे. उत्तरेस गोदावरीचे पात्र, दक्षिणेस बालाघाटच्या डोंगररांगांचे उतार आणि पश्चिमेस शेवगाव-पाथर्डीकडे जाणारी वाट अशी त्याची साधारण चतुःसीमा सांगता येईल. १९४८ पूर्वी हा मुलूख निजामाच्या राज्यात मोडत असे. पलीकडील शेवगाव तालुका मात्र ब्रिटिश अंमलाखालील अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्याचा होता. म्हणजे चकलांबा हे दोन राज्यांच्या शिवेजवळचे गाव. ज्या लोकांचे जीवित शिवा ओलांडण्यावरच अवलंबून असते, अशा भटक्या जमातींच्या इतिहासात या प्रकारच्या गावांना एक वेगळेच महत्त्व असते. फाल्गुन वद्य पंचमीस, म्हणजे रंगपंचमीस, पाथर्डी तालुक्यातील मढी येथे कानिफनाथांची मोठी यात्रा भरते. आणि दुसऱ्याच दिवशी, फाल्गुन वद्य षष्ठीस, पैठण येथे नाथषष्ठीचा उत्सव असतो. एक यात्रा पश्चिमेस, दुसरी उत्तरेस. आणि दोन्ही ठिकाणे या गावापासून बिऱ्हाडासह चालणाऱ्या माणसांना दोन-तीन मुक्कामांच्या अंतरावर. मढीस गाढवांचा बाजार भरतो, आणि ती ‘भटक्यांची पंढरी’ म्हणूनच ओळखली जाते. वैदू, गोपाळ, कैकाडी, बेलदार, कोल्हाटी, नंदीवाले, दरवेशी, माकडवाले अशा अनेक जमातींचे लोक येथे येत आणि त्यांच्या जातपंचायतीही येथेच बसत.

या लोकांच्या तांड्यात एक दृश्य दख्खनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या परिचयाचे होते. गाढवाच्या पाठीवर बिऱ्हाड, आणि त्या बिऱ्हाडावर दोरीने बांधलेले माकड. आजच्या प्राणिशास्त्रीय परिभाषेत सांगावयाचे तर नरवानर गणातील एक प्राणी आणि विषमखुरी गणातील एक प्राणी एकाच माणसाच्या दावणीला, एकाच अन्नावर आणि एकाच फटक्याखाली वाढत होते. हे साहचर्य भटक्यांच्या गरजेतून निर्माण झाले असे वरवर पाहता वाटते. परंतु त्याची मुळे त्याहून पुष्कळ खोल आहेत, आणि ती गरिबांच्या पालाकडे नव्हे तर राजांच्या अश्वशालांकडे जातात.

हर्षाच्या ‘रत्नावली’ या सातव्या शतकातील नाटिकेच्या दुसऱ्या अंकात राजाच्या अश्वशालेतून एक माकड साखळी तोडून पळते आणि अंतःपुरात एकच धांदल उडवून देते. नाटककाराला या प्रसंगाचा उपयोग कथानक पुढे सरकविण्यासाठी करावयाचा आहे. त्यामुळे अश्वशालेत माकड मुळात आले कोठून, याचा खुलासा करण्याची त्यास आवश्यकताच भासलेली नाही. प्रेक्षकाला ते ठाऊक आहे, हे त्याने गृहीत धरले आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला ग्रंथकाराच्या विधानांइतकीच त्याने न केलेली विधानेही उपयोगी पडतात, याचे हे चांगले उदाहरण म्हणावे लागेल. पंचतंत्राच्या पाचव्या तंत्रात हाच संबंध उलट बाजूने आला आहे. चंद्र नावाच्या राजाने मुलांच्या खेळासाठी वानरांचा कळप पाळलेला असतो. तेथेच मेंढेही असतात. एक मेंढा रोज स्वयंपाकघरात शिरतो आणि आचारी त्याला हाती लागेल त्याने बडवतात. वानरांचा वृद्ध नायक आपल्या कळपास हे घर सोडण्याचा सल्ला देतो. तरुण वानर तो हसण्यावारी नेतात. पुढे जळत्या लाकडाने मारलेला मेंढा पेट घेऊन अश्वशालेत धावतो, घोडे भाजतात, आणि शालिहोत्राच्या आधाराने वैद्य सांगतात की भाजलेल्या घोड्यास वानराच्या चरबीने गुण येतो. कळपाचा संहार होतो. कथेचे तात्पर्य काहीही असो. तीत मेंढा, घोडा व वानर हे तिघेही एकाच वाड्यात बंदिस्त आहेत, आणि घोड्याच्या व्याधीचे मोल वानराने चुकवावयाचे आहे, ही कल्पना स्पष्ट आहे.

हिंदीत ‘तबेले की बला बंदर के सिर’ अशी म्हण आहे. जॉन लॉकवुड किपलिंग हे १८६५ ते १८७५ या काळात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिक्षक होते. त्यांनी १८९१ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय प्राण्यांविषयीच्या ग्रंथात तबेल्यात माकड ठेवण्याच्या या समजुतीची दखल घेतली आहे. घोड्यावर येणारी पीडा, दृष्ट वा रोग माकडाने आपल्या अंगावर घ्यावा, हा तिचा अर्थ. ही समजूत भारतापुरती मर्यादित नाही, हे अधिक कुतूहलाचे आहे. चीनमधील ज्या स्येशिए याच्या सहाव्या शतकातील शेतीविषयक ग्रंथात घोड्यांच्या गोठ्यात माकड बांधून ठेवावे, त्याने घोड्यांची भीती जाते आणि रोग टळतात, असे सांगितले आहे. सोळाव्या शतकातील ‘पश्चिमेची यात्रा’ या प्रसिद्ध चिनी कादंबरीत स्वर्गातील अधिकारी मर्कटराजाला अश्वशालेचा अधिकार देतात; त्या पदाचे चिनी नाव ‘घोड्यांची साथ टाळणारा’ या अर्थाच्या शब्दांसारखे उच्चारले जाते, आणि सारा विनोद त्या श्लेषावर उभा आहे. जपानमध्ये निक्को येथील तोशोगू देवस्थानात जी तीन माकडे जगप्रसिद्ध झाली आहेत, ती मुळात तेथील पवित्र घोड्याच्या तबेल्यावर कोरलेली आहेत. हे त्यांच्या प्रतिकृती घरोघर ठेवणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना माहीत असते. ही समजूत भारतातून बौद्ध धर्माबरोबर पूर्वेकडे गेली असावी असा एक तर्क आहे. परंतु चिनी ग्रंथ हर्षाच्या नाटिकेहून सुमारे शतकभर जुना असल्यामुळे, लिखित पुराव्याच्या क्रमावरून त्या तर्कास बळकटी मिळत नाही, हेही नमूद केले पाहिजे.

भाषेच्या अंगाने पाहिले असता येथे एक चमत्कारिक स्थिती दिसते. संस्कृतातील अश्वशालेचा ‘मंदुरा’ हा शब्द मराठीने टिकविला नाही. मराठी लष्कराने ‘पागा’ हा शब्द फारसी ‘पायगाह’वरून घेतला, ‘तबेला’ हा अरबीतून आला, आणि ‘मोतद्दार’, ‘खरारा’, ‘तोबरा’, ‘अगाडी-पिछाडी’ असा एक संपूर्ण शब्दसंसार घोड्याभोवती उभा राहिला. या नव्या शब्दांच्या गर्दीत घोड्याच्या वैद्याचे नाव मात्र जुनेच राहिले. ‘सालोत्री’ हा शब्द अश्ववैद्यकाचा आद्य आचार्य मानल्या गेलेल्या शालिहोत्राच्या नावावरून आलेला आहे, आणि ब्रिटिश घोडदळातही तो ‘सलूत्री’ म्हणून रूढ झाला. राज्ये बदलली, दावणीचे दोर बदलले, दोरांची नावे बदलली. परंतु आजारी जनावराजवळ बसणाऱ्या माणसाचे नाव बदलले नाही. ‘माकड’ हा शब्दही असाच प्राकृत ‘मक्कड’मधून संस्कृत ‘मर्कट’पर्यंत सरळ जातो. लोकभाषेने त्यापुढे जाऊन जे सूक्ष्म भेद केले ते अभ्यसनीय आहेत. काळ्या तोंडाचे व लांब शेपटीचे ते वानर किंवा वांदर, लाल तोंडाचे ते माकड; आणि वानरांच्या टोळीतील प्रौढ नर तो ‘हुप्प्या’. हे नाव त्याच्या आवाजावरून पडले आहे, आणि टोळीतील त्याच्या स्थानाचाही त्यातून बोध होतो. टोळीत असा एक नर असतो, तो गुरकावतो आणि बाकीचे त्याच्या धाकात असतात, हे निरीक्षण शास्त्रज्ञांच्या पुष्कळ आधी खेड्यातील माणसाने एका शब्दात नोंदवून ठेवले होते.

आता पागेतील माकडाचा खरोखर काही उपयोग होत असे काय, हा प्रश्न उरतो. घोडा हा कळपात राहणारा प्राणी आहे. एकटा बांधलेला घोडा अस्वस्थ होतो, पाय आपटतो, दावण चघळतो, आणि सोबत मिळाली की शांत होतो. ही सोबत घोड्याचीच असली पाहिजे असे नाही. शेळी, गाढव यांचीही चालते, हा अनेक देशांतील घोडेवाल्यांचा अनुभव आहे. चिनी ग्रंथातील घोड्यांची भीती जाते हे विधान या दृष्टीने केवळ भाबडे म्हणता येत नाही. माकडाची वेचण्याची सवयही यात मिळाली असावी. परस्परांचे केस विंचरणे, त्यातील उवा-गोचिडी वेचणे हा माकडांच्या समाजात स्वच्छतेपेक्षाही स्नेहाचा व्यवहार आहे. त्यातून मैत्री जुळते, तंटे मिटतात, श्रेष्ठकनिष्ठता ठरते. आपल्या जातीचे दुसरे कोणी जवळ नसलेले माकड हा व्यवहार घोड्याच्या आयाळीशी करू लागले तर त्यात नवल नाही. मात्र आजवर या प्रथेविषयी जे लिहिले गेले ते बहुतेक सारे घोड्याच्या बाजूने लिहिलेले आहे. साखळीच्या टोकाला एकट्याने जन्म काढणाऱ्या माकडाच्या बाजूने विचार केला, तर तोच व्यवहार सोबतीचा नसून सोबतीच्या अभावाचा पुरावा ठरतो.

खुरी प्राण्यांपैकी हरणांच्या बंदिवासाचा इतिहास दख्खनमध्ये निराळ्या वाटेने गेला. कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावर असलेला ‘मानसोल्लास’ हा बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील ग्रंथ मराठी भाषेच्या अभ्यासकांना त्यातील मराठी पदांमुळे परिचित आहे. त्याच ग्रंथातील मृगयेच्या प्रकरणात शिकविलेल्या हरणाच्या साहाय्याने रानातील हरणे फसविण्याची रीत आली आहे. अकबराच्या काळात हीच रीत ‘आईन-इ-अकबरी’त सविस्तर वर्णिलेली दिसते. पाळीव काळविटाच्या शिंगांना फास बांधून त्याला रानात सोडावयाचे, आणि आपल्या हद्दीत दुसरा नर आला म्हणून धावून आलेला रानातील काळवीट त्या फासात अडकावयाचा. हद्द राखणे हा काळविटाचा स्वभाव आहे. विणीच्या काळात नर आपापली जागा धरून उभे राहतात, माद्यांचे कळप त्यांतून फिरतात, आणि जागा न मिळालेले नर वेगळ्या कळपात राहतात. शिकाऱ्याने हा सामाजिक स्वभाव अचूक ओळखला होता, आणि त्याच्याच आधारे त्याला पकडले होते.

पुण्यास पर्वतीच्या पायथ्याशी सवाई माधवराव पेशव्यांचा शिकारखाना होता. त्यात सिंह, गेंडा यांच्याबरोबर काळविटेही होती. या काळविटांना वाद्याच्या सुरांची सवय लावण्यात आली होती, ही हकीकत द. ब. पारसनीस यांनी १९२१ साली प्रसिद्ध केलेल्या पुण्याविषयीच्या इंग्रजी ग्रंथात आली आहे. पाहुण्यांना ती गोष्ट चमत्कारासारखी वाटली. परंतु काळवीट हा अत्यंत भित्रा प्राणी आहे. पकडताना झालेल्या धावपळीने व धास्तीने त्याच्या स्नायूंना अशी इजा होते की जखम नसतानाही तो पुढील काही दिवसांत दगावतो. अशा प्राण्याला माणसांच्या गर्दीत, वाद्यांच्या गलबल्यात स्थिर उभे राहण्यास शिकविणे हे धाकाचे काम नव्हे. त्यासाठी लहानपणापासूनची सवय आणि फार मोठी चिकाटी लागते. काळविटाचा काळा रंगही एक वाचनीय लेख आहे. नराचा रंग वयात आल्यावर गडद होतो. तो नरत्वाच्या अंतःस्रावावर अवलंबून असतो, आणि कळपातील स्थानाशी त्याचा संबंध असतो. एकाच कुंपणात अनेक नर कोंडले असता सारेच सारख्या प्रमाणात काळे होत नाहीत, हे कसलेला रखवालदार पाहूनच ओळखतो.

हरणे बंदिवासात वितात. मादी सुमारे सहा महिने गाभण राहते आणि एका वेळी बहुधा एकच पाडस देते. सोय बरी असेल तर संख्या लवकर वाढते. मग कुंपण लहान पडते, नर नरांना मारतात, आणि बाहेरचे रक्त न मिळाल्यामुळे पुढील पिढ्या दुबळ्या होऊ लागतात. अहिल्यानगर जिल्ह्यात कर्जत तालुक्यातील रेहेकुरी येथे १९८० साली काळविटांसाठी अभयारण्य झाले. त्याचे क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर आहे. ते प्राणिसंग्रहालय नव्हे, परंतु एवढ्या लहान क्षेत्रात राखलेल्या कळपाचे प्रश्न प्राणिसंग्रहालयाच्या प्रश्नांहून फार वेगळे असत नाहीत.

माकडाची गोष्ट याहून मुळातच भिन्न आहे. गाढव सुमारे सात हजार वर्षांपूर्वी आफ्रिकेत माणसाळले आणि तेव्हापासून ते माणसाच्या दावणीतच वीत आले. माकडवाल्याचे माकड मात्र त्याच्या पालात जन्मत नसे. दर पिढीस ते रानातून आणावे लागे, आणि लहान असतानाच आणावे लागे; मोठे माकड शिकत नाही. पिल्लू आईच्या पोटाशी चिकटलेले असते, म्हणून पिल्लू मिळवावयाचे तर आधी आईचा बंदोबस्त करावा लागतो. खेळ पाहून हसणाऱ्या गावकऱ्याला या आरंभाची कल्पना क्वचितच असे. दख्खनमधील टोपी माकडाची मादी साडेपाच महिने गाभण राहते. पिल्लू अर्धे वर्ष व त्याहून अधिक काळ अंगावर पिते. आणि ते मादी असेल तर आयुष्यभर आईच्याच टोळीत, आईच्याच मानमरातबाच्या पायरीवर राहते. नर मात्र वयात आल्यावर टोळी सोडतात. म्हणजे माकडाच्या मुलीला समाज वारशाने मिळतो, मुलाला तो पुन्हा कमवावा लागतो. दोरीला बांधलेल्या पिल्लाच्या वाट्याला यांपैकी काहीच येत नाही.

असे वाढलेले माकड पुढे वीत का नाही, याचे उत्तर विसाव्या शतकात अमेरिकेत मिळाले. विस्कॉन्सिन येथे हॅरी हार्लो यांनी लाल तोंडाच्या माकडांची पिल्ले जन्मतःच आईपासून वेगळी वाढवून जे प्रयोग केले, त्यांतील कापडी आई व तारेची आई यांची तुलना १९५८ साली प्रसिद्ध झाली. पिल्लू दूध देणाऱ्या तारेच्या आईपेक्षा दूध न देणाऱ्या मऊ आईला बिलगते, हा भाग सर्वांच्या लक्षात राहिला. त्याचा पुढील भाग अधिक कठोर आहे. एकाकी वाढलेली ही पिल्ले प्रौढ झाल्यावर समागमच करू शकत नव्हती, आणि ज्या माद्यांना पिल्ले झाली त्यांपैकी अनेकींनी ती जवळ घेतली नाहीत वा त्यांना इजा केली. मातृत्व ही उपजत शक्ती खरी, परंतु ती जागी होण्यास समाज लागतो, असा त्याचा अर्थ. हे प्रयोग स्वतःच निर्दय होते, हे त्यांच्या उपयुक्ततेइतकेच खरे आहे.

बंदिस्त समाजावरून मुक्त समाजाविषयी निष्कर्ष काढण्यातील धोकाही याच शतकात दिसून आला. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १९२५ साली बबून माकडांसाठी एक कृत्रिम टेकडी उभारण्यात आली आणि तीवर सुमारे शंभर नर सोडण्यात आले; काही माद्या चुकून त्यांत आल्या होत्या. १९२७ मध्ये आणखी तीस माद्या सोडण्यात आल्या. त्यांच्या ताब्यासाठी झालेल्या मारामाऱ्यांत १९३० पर्यंत बहुतेक माद्या मेल्या. सॉली झुकरमन यांनी १९३२ साली या निरीक्षणांच्या आधारे ग्रंथ लिहिला, आणि वानरसमाज म्हणजे माद्यांसाठी चाललेला अखंड कलह अशी समजूत दीर्घकाळ रूढ झाली. पुढे हान्स कुमर यांनी इथिओपियात १९६०-६१ च्या सुमारास याच जातीचे मुक्त कळप अभ्यासले, तेव्हा तेथे परस्परांच्या कुटुंबास हात न लावण्याची ठाम शिस्त दिसली. टेकडीवरील संहार हा बबूनचा स्वभाव नव्हता. परस्परांस अनोळखी असलेले नर आणि मूठभर माद्या एका जागी कोंडणाऱ्या व्यवस्थेचा तो परिणाम होता. याउलट १९३८ साली क्लॅरन्स कारपेंटर यांनी भारतातून नेलेली ४०९ लाल तोंडाची माकडे पोर्तो रिकोजवळील कायो सांतियागो या बेटावर मोकळी सोडली. आरंभीच्या गोंधळानंतर तेथे पुन्हा मातृवंशाच्या टोळ्या उभ्या राहिल्या, आणि त्या आजही अभ्यासिल्या जात आहेत.

ज्यांच्या हाती ही दोरी होती त्या माणसांचा इतिहासही येथे सोडून चालणार नाही. महाराष्ट्र शासनाच्या विमुक्त जातींच्या यादीत ‘माकडवाले अथवा कोंची कोरवा’ हे कैकाडी जमातीच्या पोटजातींमध्ये नोंदलेले आहेत. ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०६ साली निघालेल्या चौथ्या खंडात कोरवा व कैकाडी या बोली तमिळच्या परिवारात घातल्या आहेत. म्हणजे गावच्या चावडीपुढे चालणारा माकडाचा खेळ हा दुभाषी व्यवहार होता. प्रेक्षकांशी मराठी, घरात द्राविडी बोली. जनावराला हाकारण्याचे, थांबविण्याचे, चुचकारण्याचे शब्द हे कोणत्याही भाषेतील अत्यंत चिवट शब्द असतात, कारण ते अर्थापेक्षा सवयीवर जगतात. माकडवाल्यांच्या या शब्दांचा संग्रह वेळेवर होणे ही भाषाशास्त्राच्या दृष्टीने मोठीच गोष्ट ठरली असती. जनावर गेले की त्याच्याशी बोलण्याचे शब्द एका पिढीत जातात.

आणि जनावर गेलेच. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ब्रिटिश भारतात भटक्यांवर हजेरीचा व वसाहतींचा जाच बसविला. शेवगावच्या बाजूस असलेला अंमल आणि चकलांब्याच्या बाजूस असलेला निजामी अंमल यांत फरक असल्यामुळे या शिवेस एक व्यावहारिक मोल प्राप्त झाले होते. तो कायदा १९५२ साली रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. त्यानंतर १९६० साली पशुक्रौर्यप्रतिबंधक अधिनियम व १९७२ साली वन्यजीव संरक्षण अधिनियम आला. १९९८ च्या ऑक्टोबरमधील केंद्र शासनाच्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या व सिंह यांचे खेळ करण्यास मनाई केली. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती मनाई उचलून धरली. प्राण्यांच्या बाजूने पाहता हा निर्णय योग्य होता, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु ज्या माणसाला एका कायद्याने माणूस म्हणून जेमतेम मोकळे केले, त्याचे एकमेव साधन दुसऱ्या कायद्याने काढून घेताना त्याच्या हाती काय दिले, हा हिशेब अद्याप पुरा झालेला नाही. सर्कशीच्या मालकाचे आणि पालातील माकडवाल्याचे नुकसान एकाच अधिसूचनेने झाले. ते भरून काढण्याची ऐपत मात्र दोघांची सारखी नव्हती.

प्राणिसंग्रहालयांसाठी १९९२ साली जे नियम झाले, त्यांत एक तरतूद मननीय आहे. प्राणी त्यांच्या स्वाभाविक सामाजिक गटांत ठेवावेत, आणि योग्य कारणाशिवाय कोणताही प्राणी एक वर्षाहून अधिक काळ जोडीदाराविना ठेवू नये, असे ती सांगते. ‘रत्नावली’तील अश्वशालेतल्या त्या एकट्या माकडापासून येथपर्यंत येण्यास सुमारे तेराशे वर्षे लागली.

खेळांतून व उपद्रवी म्हणून पकडलेली माकडे पुढे जातात कोठे, यातून आणखी एक प्रश्न उभा राहिला. पश्चिमेस तापी व पूर्वेस गोदावरी या नद्या उत्तरेकडील लाल तोंडाचे माकड आणि दक्षिणेकडील टोपी माकड यांची सीमा मानल्या जात. राम कुमार, सिंधू राधाकृष्ण व अनिंद्य सिन्हा यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ही सीमा दक्षिणेकडे सरकली असून टोपी माकडाची जागा लाल तोंडाचे माकड घेत असल्याचे दाखविले आहे. माणसाने एका ठिकाणची माकडे पकडून दुसऱ्या ठिकाणी सोडणे हे त्याच्या कारणांपैकी एक आहे. ज्यास सुटका म्हटले जाते ती दुसऱ्या जातीच्या दृष्टीने घुसखोरी ठरते.

बीड जिल्ह्याचे नाव या विषयात अलीकडे जगभर गेले ते एका विपरीत कारणाने. २०२१ च्या डिसेंबरमध्ये माजलगाव तालुक्यातील लवूळ या गावी वानरे कुत्र्यांची पिल्ले उचलून झाडांवर व घरांच्या छपरांवर नेतात, आणि ती पडून वा उपाशी मरतात, अशा बातम्या आल्या. कुत्र्यांनी वानराचे पिल्लू मारले म्हणून वानरांनी ‘सूड’ घेतला, असे सांगण्यात आले. मेलेल्या पिल्लांचा अडीचशे हा आकडाही छापला गेला. लहानशा गावाच्या मानाने तो विश्वसनीय वाटत नाही. वनविभागाच्या नागपूरहून आलेल्या पथकाने दोन वानरे पकडून नेली. येथे ‘सूड’ आणि ‘टोळीयुद्ध’ या दोन शब्दांनी निरीक्षणाची जागा घेतली, हे लक्षात घेतले पाहिजे. वानरांच्या समाजात दुसरीचे पिल्लू हाती घेणे, ते एकीकडून दुसरीकडे फिरविणे हा नित्याचा व्यवहार आहे. दुसरीकडे, धारवाड परिसरात युकिमारु सुगियामा यांनी १९६० नंतरच्या काही वर्षांत जे पाहिले, त्यावरून टोळी नव्याने ताब्यात घेणारा नर आधीच्या नराची पिल्ले मारतो, हेही ठाऊक झाले आहे. लवूळची वानरे पिल्ले उचलत होती ती यांपैकी कोणत्या प्रेरणेने, हे तेथे कोणी काही दिवस वही घेऊन बसले असते तर सांगता आले असते. पकडलेल्या दोन वानरांनी त्या प्रश्नाचे उत्तरही बरोबर नेले. जिल्ह्यातच शिरूर कासार तालुक्यात तागडगाव येथे ‘सर्पराज्ञी’ हे वन्यजीव पुनर्वसन केंद्र आहे. तेथे जखमी हरणे व इतर वन्य प्राणी यांची शुश्रूषा होते. माणसाच्या हातावर वाढलेला हरणाचा नर वयात आल्यावर माणसालाच प्रतिस्पर्धी समजून शिंगे रोखतो, ही अशा कामातील एक नित्याची अडचण. म्हणून जीव लावूनही लळा लावावयाचा नाही, हे तेथील कामाचे पहिले कौशल्य होय.

मढीच्या बाजारातून माकड नाहीसे झाले, गाढव राहिले. जेजुरीच्या पौष पौर्णिमेच्या बाजाराप्रमाणे येथेही किंमत दातांवर ठरते. दोन कायमचे दात आलेले ते दुवान, चार आलेले ते चौवान, जबडा पुरा भरला की अखंड. पहिली जोडी सुमारे अडीचाव्या वर्षी, दुसरी साडेतिसाव्या नव्हे तर साडेतीन वर्षांच्या सुमारास आणि तिसरी साडेचार वर्षांच्या सुमारास येते, हे पशुवैद्यकाचे कोष्टक व्यापाऱ्याच्या अंगठ्यात असते. मादी सुमारे बारा महिने गाभण राहते. एका वेळी एकच शिंगरू. गाढवांचा मोठा स्थिर कळप नसतो. रुक्ष प्रदेशांतील मोकळ्या गाढवांत टिकाऊ नाते दिसते ते आई व शिंगरू यांचेच. मात्र दावणीत बरोबर राहिलेल्या दोन गाढवांची जोडी अशी घट्ट जमते की एक विकले गेले असता दुसरे खाणे टाकते. बाजारात जोडी फुटते तेव्हा जे ओरडणे ऐकू येते, त्यास गाढवाचा मूर्खपणा म्हणण्याची रूढी जुनी आहे. शिलाहार व यादव काळातील गधेगाळांवर शाप देण्यासाठी याच प्राण्याची योजना झाली, आणि मराठीच्या आरंभीच्या शिलालेखांतच त्याची अप्रतिष्ठा कोरली गेली.

पैठणच्या परंपरेने मात्र त्याच्याकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले. काशीहून आणलेली कावड एकनाथांनी वाळवंटात तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिकामी केली, ही कथा गंगथडीत लहान मुलालाही ठाऊक असते. गाढव शरीराच्या वजनाचा चौथा हिस्सा घटेपर्यंत तहान सोसू शकते आणि पाणी मिळताच काही मिनिटांत ती तूट भरून काढते. इतके सोसणारे जनावर तडफडून पडले होते, म्हणजे त्याची अवस्था काय असेल, हे कथा सांगणाऱ्यांपैकी ज्यांनी गाढवे वागविली होती त्यांना चांगले कळत असले पाहिजे. २०१९ च्या पशुगणनेत भारतातील गाढवांची संख्या सुमारे १ लाख २० हजार भरली. २०१२ च्या मानाने ती ६१ टक्क्यांहून अधिक घटली होती. मढीच्या बाजारात काठेवाडी गाढवे येतात. रंगपंचमीच्या आदल्या रात्रीपर्यंत दातांची तपासणी चालते, आणि व्यवहार ठरला की गळ्यातील दोर एका हातातून दुसऱ्या हातात जातो.